शेवटची सोळा पानं

४ ऑगस्ट

तुला,

पान फाटल्याचा टर्रकन आवाज आला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. त्याआधी मी दुसऱ्या वर्षाचा एक बरा विद्यार्थी होतो. तुझ्या दोन बाकं मागे बसायचो आणि तुझ्याशी बोलायला काय निमित्त काढावं, एवढ्या एकाच विषयाचा मनापासून अभ्यास करायचो. आवाज आला आणि पुढच्या मिनिटभरात आपल्या वर्गातल्या लांबूचा ओठ फुटला. माझी मूठ ठणकत होती. तू माझ्याकडे अशी बघत होतीस, की हात कुठे ठेवावा तेही मला कळेना.

पत्ता तुझ्या मावशीकडून घेतला. त्यांनी दोन वेळा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा दिला. तेव्हा त्यांच्यावर रागावू नकोस.

हे मी माफी मागायला लिहीत नाहीये. लांबूनं कँटीनच्या बाकावर चढून तू वाचत होतीस ती कादंबरी नाटकी आवाजात वाचली. सगळे हसले. तू हिसकावायला गेलीस, पान फाटलं, आणि मी त्याला एक ठेवून दिली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन. प्राचार्यांनी कोरा कागद पुढे सरकवला, म्हणाले, "काय घडलं त्याची हकीकत लिही, खाली माफी लिही, आणि वर्गात जा." मी पेन खाली ठेवलं आणि कॉलेज सोडलं. तत्त्वाचा प्रश्न होता.

तू मात्र जाताना म्हणालीस, "माझ्यासाठी मारामारी करायला तुला वेळ आहे. मी काय वाचते ते बघायला नाही." मग आठवड्याभरात तू शिक्षिकेच्या कोर्ससाठी त्या लांबच्या गावी निघून गेलीस. ते आधीपासून ठरलेलं होतं, असं मावशी म्हणतात. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणत असतील.

पुस्तक माझ्याकडेच राहिलंय. चर्चच्या वाचनालयाचा शिक्का आहे, म्हणून शिवून परत करावं म्हटलं आणि बाजारामागच्या बाइंडर काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कुणी फाडलं?"

"मी नाही."

"मग तुझ्या हातात कसं?"

मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी पाटाशेजारचं स्टूल पायानं पुढे ढकललं. म्हणाले, "बस. मी दाखवतो, तू जोड."


२० ऑगस्ट

तुला,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं. (वाटलं होतं. पोस्टमन आता मला दुरूनच हात हलवून नाही म्हणतो.)

मी बाइंडर काकांकडेच लागलोय. ते मला 'कॉलेजकुमार' म्हणतात. "कॉलेजकुमार, खळ घट्ट झाली, पाणी घाला. आणि थोडं डोक्यावरही घाला." परवा एक गिऱ्हाईक उगाच आवाज चढवून बोललं, तर मी हातातली दाभण ठेवून उठलो. काका शांतपणे म्हणाले, "बसा. आपल्या हातात टोकदार वस्तू असतात, म्हणून आपल्या धंद्यात राग परवडत नाही."

तुझं पान मी जोडलंय. पातळ कागदाची पट्टी, त्यावर खळ बोटानं, आतून बाहेर. वाळेपर्यंत दाबाखाली ठेवायचं. पहिल्यांदा पट्टी तिरकी लागली, दुसऱ्यांदा एक ओळ झाकली गेली. तिसऱ्यांदा काका काही बोलले नाहीत, म्हणजे बरं झालं असावं.

झाकलेली ओळ काय होती म्हणून वाचली. मग तिच्या आधीची. मग म्हटलं, सुरुवातीपासूनच बघावं हे काय प्रकरण आहे.

आता हसू नकोस. ज्यावर सगळं कँटीन हसलं, ते मी तीन दिवसांत दोनशे आठ पानं वाचलं! लग्नाच्या आदल्या दिवशी चर्चच्या घंटेची दोरी कुणीतरी कापतं, घंटा वाजवणारा म्हातारा पडून जखमी होतो, आणि निवृत्त पाळक आणि त्यांची खडूस बहीण मिळून शोध घेतात. मला आधी वाटलं, हे लोक दर दहा पानांनी डोळे मिटून प्रार्थना करतात, यांना चोर कसा सापडणार? पण गंमत अशी, की त्या पाळकांना घाईच नाही. ते समोरच्याला बोलू देतात. मधे तोडत नाहीत. माणूस गप्प झाला तरी आणखी थोडा वेळ वाट बघतात, आणि मग तो खरं काय ते सांगतो. मी आयुष्यात कुणाचं वाक्य पूर्ण होऊ दिलेलं नाही, तुझंही नाही.

आणि तो डॉक्टर! शाळेतल्या बाईंवर त्याचं इतकं प्रेम, पण दोनशे आठ पानांत त्यानं केलं काय, तर तिची छत्री दुरुस्त करून दारात टेकवून ठेवली आणि बेल न वाजवता गेला. ते वाचताना मी दुकानात एकटा होतो आणि तरी इकडे तिकडे पाहिलं.

दोनशे नवव्या पानावर गाडं अडलं. शेवटच्या फर्म्याला, म्हणजे शेवटच्या सोळा पानांच्या घडीला, पांढरी फीत बांधलेली. मी गाठ सोडायला लागलो तर काकांनी हातावर चापटी मारली. "ती इथे सोडायची नाही. चर्चच्या वाचक मंडळाचा नियम आहे. सगळ्यांचं वाचून झालं, की महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सगळ्यांदेखत गाठ सोडतात आणि शेवट मोठ्यानं वाचतात."

म्हणजे दोरी कुणी कापली हे कळायला मला तिथे जावं लागणार. तुमचं मंडळ भलतंच हुशार आहे.


७ सप्टेंबर

तुला,

गेलो. वाचनालयाच्या दारात पाच मिनिटं उभा होतो. मी कधी चर्चच्या आवारात पाऊल ठेवलेलं नाही, हे मंडळ चालवणाऱ्या तुझ्या मावशींना माहीत होतं.

"प्रार्थना येते का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"चहा पिता येतो?"

"हो."

"मग बस. बाकीचं कुणी तोंडी परीक्षा घेत नाही इथे."

अकरा जण होते, त्यात माझ्या वयाचं कुणीच नाही. निवृत्त हेडनर्सबाई मला आपादमस्तक बघून म्हणाल्या, "हाच का तो मारकुटा?" मावशी म्हणाल्या, "हाच. पण पान सुबक जोडलंय." मग ते पान हातोहात फिरलं आणि बायकांनी नखानं पट्टी चाचपून पाहिली. एवढा घाम मला तोंडी परीक्षेतही फुटला नव्हता.

मग मावशींनी फीत सोडली आणि पुस्तक माझ्यापुढे धरलं. "वाचायची ती. आता ती नाही. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. तू वाच."

तू वाचायचीस हे मला ठाऊक नव्हतं. तुझी खुर्ची कुठली, तेही मी विचारलं नाही. पण खिडकीजवळची एक रिकामी होती आणि तिच्यावर कुणी पर्ससुद्धा ठेवली नव्हती.

पहिलं पान मी बातम्यांसारखं वाचलं. हेडनर्सबाई म्हणाल्या, "अरे, ती बाई रडतेय, तू हवामान काय सांगतोस?" दुसऱ्या पानापासून जरा जमलं. दोरी गायकवृंदाच्या प्रमुखानं कापली होती, मत्सरानं. पण पाळक त्याचं नाव घेणार, एवढ्यात तो स्वतःच उठतो आणि सगळ्यांसमोर कबूल करतो. मला ते मुळीच पटलं नाही. मी म्हणालोसुद्धा, "पुरावा काहीच नव्हता. गप्प बसला असता तर सुटला असता. असं कोण उठून सांगतं?" मावशींनी चहा ओतता ओतता विचारलं, "सुटला असता म्हणजे कुठे गेला असता?" मी पान उलटून पुढे वाचायला लागलो. तो प्रश्न घेऊनच घरी आलो.

डॉक्टरनं अखेर विचारलं, आणि ती हो म्हणाली. मी वाचताना अडखळलो. ती ओळ मला पुन्हा वाचावी लागली.

घरची एक बातमी. कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नव्हते. बोलायचे ते आईमार्फत. मी समोर बसलेला असताना, "त्याला सांग, दिवा बंद कर म्हणावं." मी पुस्तक घरी न्यायचो, ते माझ्या टेबलावरून सरकलेलं असायचं. एकदा तर बाबांचा चष्मा एकशे चाळिसाव्या पानात सापडला. आई म्हणाली, "मी काही बोलणार नाही, पण ते दुपारी झोपतात असं तू समजू नकोस." काल मंडळाला निघालो तर बाबांनी दारात गाठलं, आणि सहा आठवड्यांत प्रथमच थेट माझ्याशी बोलले.

"त्या म्हाताऱ्यानं दोरी स्वतः कापलेली नाही."

"नसावी, बाबा."

"नाहीच. आल्यावर सांग."

परत आलो तर जागेच होते. मी शेवट सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पुढचं कुठलं आहे?"


५ ऑक्टोबर

तुला,

काल मंडळात जे झालं ते वाचून तू पोट धरून हसशील. निदान मला तशी आशा आहे.

या महिन्याची कादंबरी होती सफरचंदाच्या बागेची. पुस्तक पार खिळखिळं झालेलं, म्हणून मावशींनी ते आणि त्याच पाळकांच्या मालिकेतलं होडीचं, अशी दोन बांधायला पाठवली होती. दोन्ही उसवली, फर्मे सुटे केले, जुळवले, शिवले. मालिका एकच, आकार एक, टाइप एक, दोन्हींत बरोबर चौदा फर्मे. तर सफरचंदाच्या पुस्तकाला शेवटचा फर्मा लागला होडीचा! वर फीत बांधलेली, त्यामुळे महिनाभर कुणाला पत्ता नाही.

मी गाठ सोडली, वाचायला लागलो. पहिल्याच ओळीत मला कळलं. पण सगळे कान टवकारून बसलेले, मी तसाच वाचत राहिलो. बागेत राहणारी नर्स गायब, आणि तिच्या जागी कुणी शिंपीण बंदरावर उभी. हेडनर्सबाईंनी टाळी वाजवली. "मला संशय होताच! ती नर्स नव्हतीच. इंजेक्शन देताना सुई कशी धरली होती, आठवा." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "म्हणजे शिंपीण वेशांतर करून नर्स झाली होती. म्हणूनच चौथ्या प्रकरणात तिनं पडदे शिवले." सहा पानं हे चाललं होतं. सुताराशी लग्न ठरलेली बाई होडीच्या कप्तानाला हो म्हणाली, आणि पाळकांनी दोघांना आशीर्वाद दिला, तेव्हा मात्र सगळ्यांचे कप खाली आले. मावशी गंभीर होऊन म्हणाल्या, "हे मला पाळकांकडून अपेक्षित नव्हतं."

शेवटी काकाच उठले. ते दर वेळी मागे बसतात. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "बायांनो, चूक माझी. नजर गेली आता माझी. फर्मे अदलाबदल झाले."

हशा पिकला. कुणी म्हणालं, "काका, आता सुईदोरा सोडा आणि आराम करा." कुणी म्हणालं, "पुढची पुस्तकं दुसरीकडे द्यावी लागतील." तेही हसतच. काका पण हसले.

मीही हसलो. एवढ्या गडबडीत बाकी काही बोलायचं राहून गेलं.


१७ ऑक्टोबर

तुला,

तुझं कार्ड मिळालं. सात ओळी. मी त्या पाठ केल्या म्हणून काका मला पोपट म्हणतात.

तू लिहितेस, "मावशीनं सगळं कळवलं. वाचायला लागलास हे वाचून मला खूप छान वाटलं. त्या दिवशी लांबूला मारलंस ते चुकलंच, पण त्यानं माझ्या पिशवीतून पुस्तक चोरलं आणि तू एकट्यानं माझी बाजू घेतलीस, हे मी विसरलेली नाही. एक नोव्हेंबरच्या शुक्रवारी येते आहे. खिडकीजवळची खुर्ची ठेव. आपण बोलू."

आपण बोलू! हे दोन शब्द मी आईला वाचून दाखवले. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आनंद झाला म्हणतोस, मग तोंड असं का?"

कामं खूप आहेत. आज एवढंच.


१ नोव्हेंबर, दुपारचे चार

तुला,

हे वाचनालयातल्या मोठ्या टेबलावर बसून लिहितोय. मावशी तुला आणायला बसस्टँडवर गेल्यात. खुर्च्या मांडून झाल्यात, किटली भरून ठेवलीय. तू साडेचारला पोचशील, बाकीचे पाचला.

पुस्तक लांबूनं चोरलं नाही. मी काढलं.

तू हात धुवायला गेली होतीस, पिशवी बाकावर होती. महिनाभर मी तुझ्याशी बोलायला बघत होतो आणि तू दर वेळी त्या पुस्तकात. मला त्या पुस्तकाचा राग आला होता, अगदी एखाद्या माणसाचा यावा तसा. म्हणून काढलं. दोनशेच्या आसपासचं पान उघडलं, तर छत्रीचा प्रसंग. मीच लांबूला दाखवलं. मीच म्हणालो, "बघ रे, दोनशे पानं झाली तरी हा गडी साधा हात धरत नाही." तो खदखदून हसला आणि माझ्या हातातून घेऊन बाकावर चढला. पहिला मी हसलो होतो. तू आत आलीस तेव्हा माझं हसू अजून पुरतं मावळलंही नव्हतं. तुझा चेहरा पाहिला, आवाज आला, आणि मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मारलं. तुझी बाजू घेऊन नाही. तो तोंड उघडेल या भीतीनं.

प्राचार्यांच्या कागदावर माफी लिहायला माझी हरकत नव्हती. वर हकीकत लिहायची होती, ती नको होती. तत्त्व वगैरे काही नाही. पळालो. आणि त्या पळण्याला मी तीन महिने तुला तत्त्व म्हणून लिहीत राहिलो.

तुझं कार्ड आलं त्या दिवशी मी आधी काकांना गाठलं. म्हटलं, "फर्मे मी जुळवले होते. चूक माझी होती."

"ठाऊक आहे," ते दोरा ओवत म्हणाले. आणि पहिल्या खेपेतच ओवला.

"मग तुम्ही का घेतलीत अंगावर?"

"तुझे कान एवढे लाल झाले होते, की म्हटलं हा आता कुणाच्या तरी अंगावर धावून जाणार. बघत होतो, सांगायला किती दिवस लावतोस."

"तेरा लागले."

"वाईट नाही. माझ्या उस्तादाला मी एक गोष्ट सांगायची ठरवली होती, तर तो वारला तरी सांगितली नव्हती."

मावशींनाही सांगितलं. हेडनर्सबाईंनाही. त्या म्हणाल्या, "शिंपिणीचं कोडं मी सोडवलं होतं, त्याचं काय?"

मग लांबूकडे गेलो. तो वडिलांच्या सायकलच्या दुकानात चाक सरळ करत होता. ओठावर बारीक वण आहे. पुस्तक चोरल्याबद्दल त्याला पंधरा दिवस वर्गाबाहेर ठेवलं होतं, हे मला तिथे कळलं.

"तू माझं नाव का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगणार होतो. पण तू तर कॉलेजच सोडून बसलास. आता गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं? आणि वाचलं मीच ना मोठ्यानं?" त्यानं चाक फिरवून पाहिलं. "तिला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग माझ्याकडे काय करतोयस, बैला?"

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "दे टाळी." मी हात पुढे केला, तर ग्रीसनं माखलेला पंजा त्यानं माझ्या गालाला पुसला आणि म्हणाला, "फिटली." पुढच्या सत्रात प्राचार्यांकडे जायचं ठरवलंय. ते परत घेवोत न घेवोत, तो कागद मी पूर्ण लिहून देणार.

लांबूला भेटून पंधरा दिवस होत आले. तरीही हे तुला आजच का सांगतोय? धीर होत नव्हता, दुसरं कारण नाही. दोन पत्रं लिहून फाडली. मग असंही वाटलं, की तू ये, खिडकीजवळ बस, मी वाचेन, तू ऐकशील, एक संध्याकाळ तरी अशी होऊ दे, मग सांगेन. आज सकाळी खुर्च्या मांडताना कळलं, की ती संध्याकाळ माझी झाली नसती. ज्यानं तुझी बाजू घेतली असं समजून तू इथे येते आहेस, तो मुलगा कुणी नव्हताच.

माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे वाक्य मी पहिल्या पत्रापासून लिहायचं टाळत आलो, कारण मला वाटायचं, ते कुठेतरी मोठ्या थाटात येईल. आज ते एवढ्या सगळ्या वाईट गोष्टींच्या खाली आलं आहे. त्याच्यावरून कशाचीही सूट मागत नाही.

माझं वाचून झालेलं एक पुस्तक तुझ्या खुर्चीवर ठेवलंय, होडीचं. आता शेवट त्याचाच आहे, मी तीनदा तपासला. आजचं वाचन तू कर. सगळे तुझीच वाट बघतायत. हेडनर्सबाई मला कधीच माफ करणार नाहीत, इतकं मी हवामान सांगितलंय.

आणि मी थांबत नाही. समोर असलो तर तू वाचत असताना तुझा चेहरा बघेन, आणि तिसऱ्या ओळीला मधेच तोंड घालेन, "पण ऐक ना" म्हणून. माझी खोड तुला माहीत आहे. तुला हे शेवटपर्यंत वाचता यावं, मग गप्प बसता यावं, रागावता यावं, आणि काय बोलायचं ते तुझ्या मनानं ठरवता यावं. बोलायचंच नसेल तर तेही. मी सात वाजेपर्यंत दुकानात आहे. त्यानंतर घरी, आणि उद्या पुन्हा दुकानात. तू यायलाच हवंस असा त्याचा अर्थ नाही.

बस आली असावी, रस्त्यावर माणसं दिसायला लागली. पत्र टेबलाच्या मधोमध ठेवतोय, तुझं नाव वर करून. खिडकी उघडी आहे आणि वारा आत येतोय, म्हणून निघताना दार नीट ओढून घेतो. कागद उडाला तर हे सगळं पुन्हा लिहिण्याइतका शूर मी अजून झालेलो नाही. निघालो.